शाफ्टच्या नोंदवहीतून वर आलेलं भूविज्ञान

कोळशासाठी शाफ्ट, म्हणजे खाणीत उतरणारी उभी विहीर, खोदणारे कामगार दर काही फुटांना काय लागलं हे टिपून ठेवत. लाल माती, निळसर शेल (चिखल घट्ट होऊन बनलेला पापुद्रेदार खडक), कठीण वालुकाश्म, दगडी कोळशाची बोटभर पट्टी, पुन्हा शेल. पुढचा खडक पाणी सोडणारा आहे की कोरडा, यावर खर्च आणि जीव दोन्ही अवलंबून असल्यामुळे या नोंदीत हयगय परवडणारी नव्हती. भूविज्ञानाची पहिली खरी सामग्री अशा वह्यांमध्येच जमा झाली, असं माझं मत आहे.

इंग्लंडच्या सॉमरसेटमध्ये जॉन स्ट्रॅची याने 1719 मध्ये तिथल्या कोळसा-थरांचा उभा छेद रेखाटून प्रसिद्ध केला. खाली कोळशाचे थर तिरपे गेलेले आणि त्यांच्या कापलेल्या टोकांवर दुसरे खडक जवळपास आडवे पसरलेले, असं त्या चित्रात दिसतं. खालचे थर आधी कलले, झिजले आणि मगच वरचे साचले, हा अर्थ लावायला मात्र पुढच्या पिढ्या याव्या लागल्या.

त्याच भागात 1791 मध्ये विल्यम स्मिथ हा तरुण मोजणीदार आला. मर्न्स पिट या खाणीत उतरल्यावर खाणकामगारांनी त्याला खालच्या थरांचा क्रम घडाघडा सांगितला. लाल मातीच्या वर मात्र काही क्रमच नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. स्मिथला ते पटेना. खाली इतकी शिस्त असताना वरच गोंधळ का असावा? पुढे कोळसा वाहून नेणाऱ्या कालव्यासाठी मैलोनमैल जमीन कापली गेली, तेव्हा वरचे थरही ठरलेल्या क्रमानेच येतात हे त्याने पाहिलं. दोन थर रंगाने अगदी सारखे दिसले तरी त्यांतले जीवाश्म वेगळे असतात, ही ओळखीची खूणही त्याला तिथेच मिळाली. 1799 मध्ये त्याने बाथजवळच्या 23 थरांची यादी मित्रांना सांगून लिहवून घेतली. सगळ्यात वर चॉक (खडूसारखा मऊ पांढरा चुनखडक), सगळ्यात खाली कोळसा. 1815 चा त्याचा भूशास्त्रीय नकाशा याच यादीचा विस्तार म्हणायला हवा.

क्रम कळला तरी पैशाचा प्रश्न उरतोच. उत्तर इंग्लंडमधल्या डरॅममध्ये कोळशाचं क्षेत्र मॅग्नेशियम असलेल्या पिवळसर चुनखडकाखाली नाहीसं होई. त्याखाली कामाचा कोळसा असेल का, याबद्दल जाणकारांनाही शंका होती. हेटन इथे 1820 मध्ये चुनखडकातूनच शाफ्ट उतरवायला घेतला आणि 1822 पर्यंत खाली चांगला कोळसा लागला. तो चुनखडक पाण्याने भरलेला, आणि त्याच्या तळाशी भुसभुशीत वाळूचा थर. जवळच्या मर्टन खाणीत 1838 पासून 1843 पर्यंत या पाण्या-वाळूशी झगडावं लागलं आणि अफाट पैसा खर्ची पडला. वहीत एका ओळीत मावणारा थर प्रत्यक्षात असा गळ्याशी येतो.

कोळशाच्या अगदी खाली काय असतं, याकडे फारसं कुणी पाहिलं नव्हतं. स्वानसी इथे तांबे वितळवण्याच्या कारखान्याचं काम पाहणाऱ्या विल्यम लोगनने 1840 मध्ये दक्षिण वेल्समधलं निरीक्षण मांडलं: कोळशाच्या थराखाली नेमाने चिकणमातीचा थर येतो आणि त्यात स्टिग्मारिया नावाचे, मुळांसारखे अवशेष भरलेले असतात. म्हणजे ज्यांचा कोळसा झाला ती झाडं नदीतून वाहत येऊन साचली हा समज मागे पडला. ती त्याच दलदलीत उगवली आणि तिथेच गाडली गेली.

मग प्रश्न राहिला तो पुनरावृत्तीचा. मुळांची माती, कोळसा, समुद्री शेल किंवा चुनखडक, वालुकाश्म, आणि पुन्हा मुळांची माती, हे चक्र एकाच शाफ्टमध्ये कितीतरी वेळा येतं. अमेरिकेतल्या इलिनॉयमध्ये उड्डेन या भूवैज्ञानिकाने 1912 मध्ये ते नोंदवलं, वेलर आणि वॅनलेस यांनी 1932 मध्ये त्याला सायक्लोथेम म्हटलं. नुसती जमीन खचत गेली एवढ्यावर ही चक्रं समजत नव्हती. 1936 मध्ये वॅनलेस आणि शेपर्ड यांनी कारण सुचवलं: दक्षिणेकडच्या गोंडवन या प्राचीन महाखंडावर बर्फ वाढला की समुद्र ओसरे, वितळला की दलदलींवर चढून येई. त्या बर्फाने सोडलेले दगडगोटे ओडिशातल्या तालचेरला ब्लॅनफर्ड बंधूंनी 1856 मध्येच ओळखले होते, आणि ते आहेत भारतातल्या गोंडवन कोळशाच्या थेट खालच्या थरात.