सामाईक सीमा-जुळवणी

अंकीय नकाशात दोन शेजारच्या क्षेत्रांची एकच असलेली कड दोन वेगळ्या रेघांनी काढली गेली असल्यास त्या रेघा एकमेकींवर तंतोतंत आणण्याची संपादनक्रिया. शेतांचे गट, गावशिवा, तालुके, पाणलोट क्षेत्रे अशा सलग क्षेत्रांच्या थरांना (एकाच प्रकारच्या आकृत्यांचा संच म्हणजे थर) ती लागते. कडा न जुळल्यास मध्ये फट किंवा दुहेरी व्याप्तीची बारीक चिंधी उरते. 500 मी. लांबीच्या बांधावर सरासरी 1 मी. फरक राहिला तरी 5 आर क्षेत्र दोन्ही गटांत मोजले जाते किंवा कोणत्याच गटात येत नाही.

कड एकदाच साठवून तिच्या डाव्या-उजव्या क्षेत्रांची नोंद ठेवण्याच्या कल्पनेचे श्रेय बहुधा अमेरिकी जनगणना विभागाच्या डाइम पद्धतीला दिले जाते. ही पद्धत 1960 च्या दशकाच्या उत्तरार्धात, 1970 च्या जनगणनेच्या तयारीत आकाराला आली. जवळपास त्याच काळात रॉजर टॉमलिन्सन यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या कॅनडाच्या भूमाहिती प्रणालीतही क्षेत्रसीमा तुकड्यांनी साठवल्या जात होत्या. डाइममध्ये रस्त्याचा प्रत्येक सरळ तुकडा ही स्वतंत्र नोंद असे; वळणदार सीमा एका फाट्यापासून दुसऱ्या फाट्यापर्यंत अखंड धरण्याची आजची रीत कॅनडाच्या प्रणालीला अधिक जवळची वाटते. आर्कइन्फो या नकाशा-सॉफ्टवेअरने (1982) ही रचना रूढ केली. 1990 च्या दशकातील शेपफाइल या फाइल-प्रकाराने मात्र प्रत्येक बहुभुजाची (बंद क्षेत्राकृतीची) कड वेगळी साठवली. सामाईक कड त्यामुळे दोनदा लिहिली जाते, आणि जुळवणीचे बहुतेक काम येथूनच निघते.

आर्कजीआयएस या नकाशा-सॉफ्टवेअरमधील ‘अलाइन एज’ साधनात आधी हलवायची कड, मग प्रमाण कड (जिच्यावर ती आणायची ती) निवडतात. क्यूजीआयएस या दुसऱ्या सॉफ्टवेअरमधील ‘टोपोलॉजिकल एडिटिंग’ने सामाईक व्हर्टेक्स (रेघेचा शिरोबिंदू) हलवताना शेजारचा बहुभुजही सोबत हलतो, पण दोन्ही व्हर्टेक्स आधीच एका जागी असतील तरच. आधीच विस्कटलेल्या थरासाठी ‘स्नॅप जॉमेट्रीज टू लेयर’ वापरतात. त्याने नवा थर तयार होतो, मूळ थर शाबूत राहतो.

सारा भर टॉलरन्सवर, म्हणजे किती अंतरापर्यंतच्या कडा एकमेकींवर ओढायच्या या मर्यादेवर असतो. तो थराच्याच एककात मोजला जातो. थर अक्षांश-रेखांशात असेल तर 10 म्हणजे 10 मी. नव्हे, 10 अंश. एक अक्षांश सुमारे 111 कि.मी.चा असल्याने अख्खा तालुका एका बिंदूत गोळा होतो. म्हणून थर आधी मीटरच्या प्रक्षेपणात (गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडण्याच्या पद्धतीत) आणावा. मराठवाड्याचा बहुतेक भाग यूटीएम या मीटरमधील प्रक्षेपणाच्या 43 उत्तर (सॉफ्टवेअरमधील संकेतांक ईपीएसजी 32643) पट्ट्यात येतो; 78° पूर्व रेखावृत्त मात्र नांदेड जिल्ह्यातून जाते, त्यामुळे माहूर 43 मध्ये तर किनवट 44 मध्ये पडते. असा थर पट्टा बदलून घेताना फक्त व्हर्टेक्स सरकतात, मधली रेघ सरळच राहते. एका गावाच्या कडेवर व्हर्टेक्स आहे आणि शेजारच्या कडेवर त्या जागी नाही, अशा ठिकाणी नवी फट उघडते. तीन शिवा मिळतात तेथे हा दोष हटकून सापडतो. तिसऱ्या गावाच्या कडेवरही तेथे व्हर्टेक्स घालणे हाच त्यावरचा उपाय.

टॉलरन्स नकाशातील सर्वांत अरुंद खऱ्या जागेच्या रुंदीच्या निम्म्याहून कमी ठेवावा. 4 मी. रुंदीच्या पांदणीशेजारी 5 मी. टॉलरन्स दिला तर दोन्हीकडचे गट एकमेकांना चिकटतात आणि पांदण नकाशातून नाहीशी होते. प्रत्येक फट चूक नसते. पांदण, ओढा, गायरानाची पट्टी खरीच असते. ग्रास या सॉफ्टवेअरमधील ‘व्ही.क्लीन’ आज्ञेची लहान क्षेत्रे काढणारी सोय विशेष जपून वापरावी, कारण ती चिंधी सर्वांत लांब सामाईक कड असलेल्या शेजाऱ्याला जोडते, मालकी पाहत नाही.

प्रमाण रेघ कोणती, हे सॉफ्टवेअर ठरवत नाही. 1:10,000 मापाच्या नकाशावर अर्धा मि.मी. जाडीची रेघ जमिनीवरील 5 मी. व्यापते, तेव्हा मोजणीची क-प्रत (भूमापन खात्याचा मोजणी नकाशा) उपलब्ध असल्यास स्कॅन केलेल्या गावनकाशापेक्षा तिला प्राधान्य द्यावे. गोदावरीकाठच्या हद्दींना उपग्रहचित्रातील पात्राचा काठ प्रमाण मानू नये. पैठणच्या वरच्या अंगाला तर नाथसागराच्या (जायकवाडी धरणाच्या जलाशयाच्या) पाण्याखाली जुने पात्रच दिसत नाही. तेथे धरणापूर्वीचे नकाशेच उपयोगी पडतात.

जुळवणीनंतर क्यूजीआयएसमधील टोपोलॉजी चेकर या तपासणी-साधनाने फटी व दुहेरी व्याप्ती तपासतात, आणि प्रत्येक गटाचे आधीचे व नंतरचे क्षेत्र सातबाऱ्यावरील हेक्टर-आरशी ताडून पाहतात.