२६ नोव्हेंबर की २६ जानेवारी: संविधानाची नेमकी तारीख कोणती?

प्रजासत्ताक दिनाच्या झेंडावंदनाला जी भाषणं होतात, त्यांत एक वाक्य हमखास येतं: २ वर्षं, ११ महिने आणि १८ दिवस खपून आपलं संविधान तयार झालं आणि आजच्याच दिवशी ते देशाला मिळालं. पहिला अर्धा भाग बरोबर आहे. दुसरा अर्धा ऐकताना ज्यांना वजाबाकी येते त्यांनी कान टवकारायला हवेत. हा हिशेब ९ डिसेंबर १९४६ पासूनचा आहे. त्या दिवशी संविधान सभा पहिल्यांदा भरली. तिथून मोजत निघालं की आपण पोचतो २६ नोव्हेंबर १९४९ ला. २६ जानेवारी १९५० पर्यंत मोजलं तर ३ वर्षं आणि वर दीडेक महिना होतो. म्हणजे भाषण जानेवारीचं आणि आकडा नोव्हेंबरचा.

घोळ होणं साहजिक आहे. दोन्ही तारखा २६, दोन्हींच्या मागे संविधान, दोन्हींच्या फलकावर डॉ. आंबेडकरांचा फोटो. पण त्या दोन दिवशी घडलेल्या गोष्टी पार वेगळ्या आहेत.

२६ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेने संविधान मंजूर केलं. मसुद्यावर सदस्यांनी ७,६३५ दुरुस्त्या सुचवल्या होत्या, त्यांपैकी २,४७३ प्रत्यक्ष सभागृहात मांडल्या गेल्या. हे सगळं पचवून ३९५ कलमं आणि ८ अनुसूचींचा मजकूर पक्का झाला, मतदान झालं, काम संपलं. संविधान सभेचा सगळा घाम या तारखेच्या नावावर जमा आहे.

पुरावा हवा असेल तर शाळेतल्या मुलाचं पाठ्यपुस्तक उघडा. सुरुवातीच्या पानांवर उद्देशिका असते. 'आम्ही, भारताचे लोक' इथून सुरू होऊन न्याय, स्वातंत्र्य, समता, बंधुता अशी खाली उतरत ती शेवटी तारखेवर येते, आणि ती तारीख २६ नोव्हेंबर १९४९ आहे. २६ जानेवारीचा तिथे उल्लेखही नाही. गंमत म्हणजे १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने याच उद्देशिकेत 'समाजवादी', 'धर्मनिरपेक्ष' आणि 'एकात्मता' हे शब्द आले, पण खालची तारीख तशीच ठेवली गेली. त्यामुळे आज मुलं जो मजकूर वाचतात त्यातले काही शब्द त्यावरच्या तारखेपेक्षा २७ वर्षांनी लहान आहेत. यावरून कोर्टकचेऱ्याही झाल्या, २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या याचिका फेटाळल्या.

मग मंजूर झालेलं संविधान लगेच लागू का नाही केलं? थोडंसं केलं होतं, आणि हा भाग सहसा कुणी सांगत नाही. कलम ३९४ नीट वाचलं तर त्यात मोजकी कलमं 'ताबडतोब' लागू होतील असं म्हटलं आहे. नागरिक कोण हे ठरवणारी ५ ते ९, राष्ट्रपतींच्या शपथेचं ६०, निवडणूक आयोगाचं ३२४ आणि व्याख्या व तात्पुरत्या सोयींची आणखी काही. बाकी सगळं २६ जानेवारी १९५० पासून. घर चालू व्हायच्या आधी वीज आणि पाण्याची जोडणी घेऊन ठेवावी, तसलाच हा प्रकार. प्रजासत्ताक सुरू व्हायचं तर राष्ट्रपती हवा, त्याला शपथ हवी, आणि पुढे निवडणुका घ्यायच्या तर आयोग हवा.

म्हणूनच निवडणूक आयोग प्रजासत्ताकापेक्षा एका दिवसाने मोठा आहे. त्याची स्थापना २५ जानेवारी १९५० ची. २०११ पासून आपण २५ जानेवारीला राष्ट्रीय मतदार दिन पाळतो, तो याच कारणाने. स्पर्धा परीक्षेच्या मुलांना ही तारीख पाठ असते. ती २६ च्या आधी कशी काय, हे मात्र फार थोडे विचारतात.

या दोन महिन्यांत एक चमत्कारिक अवस्था होती. नागरिकत्वाची कलमं लागू, मूलभूत हक्कांची नाहीत. अस्पृश्यता नष्ट करणारं कलम १७ नोव्हेंबरात मंजूर झालं, पण अंमल जानेवारीपासून. माझ्या मते २६ जानेवारीचं खरं वजन परेडपेक्षा इथे आहे, आणि भाषणांत नेमकं हेच गळतं.

दुसरी गळणारी गोष्ट म्हणजे राजा. १५ ऑगस्ट १९४७ ला आपण स्वतंत्र झालो, पण प्रजासत्ताक झालो नव्हतो. कागदोपत्री आपण डोमिनियन, म्हणजे ब्रिटिश राजाला मानणारा पण स्वतःचा कारभार स्वतः करणारा देश होतो, आणि राजा होता सहावा जॉर्ज. त्याच्या नावाने आधी माउंटबॅटन आणि जून १९४८ पासून चक्रवर्ती राजगोपालाचारी गव्हर्नर जनरल होते. २६ नोव्हेंबर १९४९ च्या संध्याकाळीही परिस्थिती तीच होती, संविधान मंजूर होऊनसुद्धा. ती बदलली २६ जानेवारीला. सकाळी १० वाजून १८ मिनिटांनी, आताच्या राष्ट्रपती भवनातल्या दरबार हॉलमध्ये भारत प्रजासत्ताक झाल्याची घोषणा झाली. सहा मिनिटांनी राजेंद्र प्रसादांनी राष्ट्रपतिपदाची शपथ घेतली. त्यांची निवड दोन दिवस आधी, २४ जानेवारीला झाली होती. संविधानाच्या प्रतींवर सदस्यांनी सह्या केल्या त्याही २४ जानेवारीलाच, त्यामुळे 'सह्या कधी?' या प्रश्नाला दोन्ही २६ तारखा चूक ठरतात. कलम ३९५ ने ब्रिटिश संसदेचा १९४७ चा स्वातंत्र्य कायदाच रद्द केला. राजा जाण्याची तारीख हवी असेल तर ती ही.

आता २६ जानेवारीच का? तयारीला वेळ हवा होता हे खरं, पण तारीख निवडली ती जुन्या आठवणीपायी. डिसेंबर १९२९ च्या लाहोर अधिवेशनात, जवाहरलाल नेहरू अध्यक्ष असताना, काँग्रेसने पूर्ण स्वराज्याचा ठराव केला आणि २६ जानेवारी १९३० ला देशभर प्रतिज्ञा घेतली गेली. पुढची सतरा-अठरा वर्षं हाच स्वातंत्र्य दिन म्हणून पाळत होते. प्रत्यक्ष स्वातंत्र्य आलं ते माउंटबॅटन यांनी ठरवलेल्या १५ ऑगस्टला, आणि २६ जानेवारी पोरकी झाली. तिला १९५० मध्ये पुन्हा मान दिला गेला.

आंबेडकरांचं गाजलेलं भाषणही या घोळात सापडतं. राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता अशा विसंगतीत आपण २६ जानेवारी १९५० ला प्रवेश करणार आहोत, हा इशारा त्यांनी दिला तो २५ नोव्हेंबर १९४९ ला, संविधान सभेत. त्यात जानेवारीचा उल्लेख आहे म्हणून समाजमाध्यमांवर ते प्रजासत्ताक दिनाचं भाषण म्हणून फिरतं. ते मंजुरीच्या आदल्या दिवशीचं आहे.

राहता राहिला साजरा करण्याचा भाग, त्यात सांगण्यासारखं फार नाही. २६ जानेवारीला राष्ट्रीय सुट्टी, दिल्लीत संचलन, गावोगाव झेंडावंदन. २६ नोव्हेंबर हा दिवस १९७९ पासून वकील मंडळींत विधी दिन म्हणून पाळला जायचा. केंद्र सरकारने त्याला संविधान दिन म्हटलं ते २०१५ मध्ये, आंबेडकरांच्या १२५ व्या जयंतीच्या वर्षात. सुट्टी नाही. मुंबईत तर २००८ पासून ही तारीख उच्चारली की आधी दहशतवादी हल्लाच आठवतो, आणि सकाळच्या उद्देशिका वाचनाची बातमी आतल्या पानावर जाते.