सूची एकीकडे, लेख दुसरीकडे

विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या डेटाबेसमध्ये शब्द टाकला की शेकडो शोधनिबंधांची यादी येते. हवा तो लेख उघडायला जावं, तर तिथे फक्त सारांश. नवा विद्यार्थी हमखास वैतागतो. पण लेख छापणारे वेगळे आणि तो कुठे सापडेल हे सांगणारे वेगळे, ही वाटणी संगणकाच्या फार आधीची आहे.

संशोधनाची नियतकालिकं १६६५ साली पॅरिस आणि लंडनमध्ये सुरू झाली. पुढच्या दोन शतकांत ती इतकी वाढली की अंक चाळून लेख शोधणं कुणाच्याच आवाक्यात राहिलं नाही. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात शिकणाऱ्या विल्यम पूलने नियतकालिकांतल्या लेखांची विषयवार सूची करून १८४८ मध्ये छापली. १८७९ मध्ये जॉन शॉ बिलिंग्ज यांनी वैद्यकासाठी ‘इंडेक्स मेडिकस’ सुरू केलं, १९०७ मध्ये रसायनशास्त्रासाठी ‘केमिकल ॲब्स्ट्रॅक्ट्स’ आलं. या जाडजूड सूचींत लेख नसायचे, लेखांचे पत्ते असायचे, फार तर सारांश.

सूचीकारांची खरी डोकेदुखी शब्दांची होती. एक लेखक ‘कॅन्सर’ लिहितो, दुसरा ‘ट्यूमर’. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाने १९६० मध्ये ठरावीक विषयशीर्षकांची यादी काढली, ती ‘मेश’. तिच्यात कर्करोगाचे लेख ‘नीओप्लाझम्स’खाली लागतात, लेखकाने शब्द कोणताही वापरलेला असो. आजही पबमेड या वैद्यकीय लेख शोधण्याच्या संकेतस्थळावर ‘कॅन्सर’ टाइप केलं की पडद्यामागे हे शीर्षक शोधात जोडलं जातं. शब्द आपला, शोध सूचीकाराचा!

यूजीन गारफील्ड यांनी मात्र विषयाला बगल दिली. अमेरिकेत वकिलांसाठी १८७३ पासून एक सूची निघत होती: जुन्या निकालाचा दाखला पुढे कोणकोणत्या निकालांत दिला गेला, हे सांगणारी. तोच धागा पकडून त्यांनी १९६४ मध्ये ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ बाजारात आणला. लेखाखाली आज ‘याचा संदर्भ देणारे लेख’ दिसतात, ते त्याच कल्पनेचं फळ. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली सर्वांत चलाख युक्ती हीच.

त्याच वर्षी वैद्यकीय सूची संगणकावर गेली. पण प्रश्न टपालाने पाठवायचा आणि उत्तरासाठी थांबायचं, अशी रीत होती. १९७१ मध्ये हीच सूची ‘मेडलाइन’ नावाने फोनच्या तारेवरून चालू झाली, लगोलग १९७२ मध्ये डायलॉग ही व्यावसायिक सेवा आली. अशा सेवांत जोडणीच्या वेळेवर पैसे लागत. म्हणून ग्रंथपाल शोधशब्द जोडणाऱ्या ‘अँड’, ‘ऑर’, ‘नॉट’ची जुळणी आधी कागदावर करून मगच यंत्रापुढे बसत. डेटाबेसच्या ‘ॲडव्हान्स्ड सर्च’मधल्या चौकटी म्हणजे तोच कागद. १९९७ मध्ये पबमेड सर्वांना मोफत झालं आणि ग्रंथपालाची मध्यस्थी संपली.

लेख स्वतः पडद्यावर आले ते नव्वदच्या दशकात. नियतकालिकांचे अंक साठवणारं जेस्टोर हे संकेतस्थळ १९९५ चं, पण तिथे मुख्यतः जुने अंक. नवे अंक प्रकाशकांच्या वेगवेगळ्या संकेतस्थळांवर, वर्गणीच्या कुलुपात. मग सूची आणि लेख जोडायचे कसे? बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठात हर्बर्ट व्हॅन दे सोम्पेल यांनी यावर तोड काढली. डेटाबेसने नियतकालिक, वर्ष, खंड, पृष्ठ एवढा तपशील दुव्यात भरून ग्रंथालयाकडे धाडायचा. ग्रंथालयाचा संगणक वर्गण्यांची यादी बघून वाचकाला लेखापर्यंत पोचवतो. वर्गणी नसेल, तर तोच तपशील दुसऱ्या ग्रंथालयाकडून लेख मागवण्याच्या अर्जात आयता भरून समोर येतो.