पंखा आत असला तरी जेट बोटीला उथळ पाणी सोसत नाही

जेट बोटीला पंखाच नसतो, म्हणून ती गुडघाभर पाण्यातही बिनदिक्कत चालवावी, हा समज आपल्या बेळगाव सीमाभागातील हौशी मंडळींतही ऐकू येतो. तो बोटीच्या मुळावर येणारा आहे. पंखा असतोच, फक्त तो तळातील पंपात, इम्पेलरच्या रूपाने, बसवलेला असतो आणि तळाच्या जाळीतून पाणी खेचून मागच्या नॉझलमधून जोराने फेकतो. उन्हाळ्यात घटप्रभेवरील हिडकल जलाशय ओसरला की काठालगतची वाळू आणि बारीक खडेही त्याच जाळीतून आत शिरतात. इम्पेलरची पाती आणि भोवतालचे कडे यांतील फट मिलिमीटरहूनही कमी असते. कडे खरवडले गेले आणि पात्यांच्या कडा झिजल्या की ही फट वाढते, पाण्याची पकड सुटते आणि इंजिनाचे फेरे चढूनही बोटीला वेग येत नाही. अशा वेळी थेट इंजिन खोलणे हा नाहक खर्च आहे. आधी इंजिन बंद करून, सुरक्षा-दोरी (चालकाला बांधलेली, निघताच इंजिन बंद पाडणारी दोरी) काढून, जाळीत गवत किंवा दोरा अडकला आहे का ते पाहावे, मग टॉर्चच्या उजेडात पाती आणि कडे तपासावे. बहुतेक माहितीपुस्तिका तळाखाली किमान 60 ते 90 सेंटीमीटर पाणी असावे असे सांगतात. तेवढ्या खोलीपर्यंत बोट ढकलत किंवा वल्हवत न्यावी आणि मगच इंजिन सुरू करावे.