वणव्याचा लाल ठिपका वाचायचा कसा?

फेब्रुवारी लागला की साताऱ्याच्या आजूबाजूचे डोंगर पेटायला लागतात. यवतेश्वर, अजिंक्यतारा, जरंडेश्वर, तिकडं पाटण, कोयनेच्या बाजूला. आणि मग व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी सॅटेलाइट नकाशाचा स्क्रीनशॉट टाकतं, त्यात लाल ठिपके आणि वर 'जंगल जळतंय बघा'. नकाशा खराच असतो, नासाच्या फर्म्स नावाच्या साइटवर कुणालाही फुकट बघता येतो, पण तो वाचायला शिकावा लागतो आणि तिथंच बरेच जण गडबडतात.

आधी हा ठिपका येतो कुठनं ते बघू. वस्तू जितकी जास्त गरम तितकी तिच्यातनं निघणाऱ्या किरणांची तरंगलांबी कमी. उन्हानं तापलेली जमीन सगळ्यात जास्त ऊर्जा 10 मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास सोडते, तर पेटलेलं गवत 3 ते 4 मायक्रॉनला. सुओमी एनपीपी, नोआ-20 आणि नोआ-21 या उपग्रहांवरचा 'व्हीआयआयआरएस' कॅमेरा दोन्ही पट्ट्यांत बघतो आणि शेजारच्या जमिनीशी ताडून पण बघतो, कारण एप्रिलात कासच्या सड्यावरचा उघडा जांभा नुसत्या उन्हानंच एवढा तापतो की त्याला आग समजायला वेळ लागणार नाही.

आता मेख अशी की या कॅमेऱ्याचा एक चौकोन 375 मीटरचा, म्हणजे साधारण 35 एकर. ठिपका त्या चौकोनाच्या मधोमध काढलेला असतो, आग मात्र त्यात कुठंही असू शकते. सपाटीला ठीक आहे हो, पण आपल्या डोंगरात 200 मीटर इकडचं तिकडं झालं की मधे अख्खी घळ येते आणि जीपीएस लावून गेलेली पोरं या धारेवर, आग पलीकडच्या धारेवर.

ठिपक्यावर टॅप केलं की वेळ दिसते. समजा 0758 लिहिलंय. सकाळचे आठ नाहीत ते, ही वेळ यूटीसी म्हणजे जागतिक प्रमाणवेळ आहे, त्यात साडेपाच तास मिळवायचे, म्हणजे दुपारचे 1:28. शेजारी खात्रीचा रकाना असतो, कमी, मध्यम, जास्त असा, आणि आगीची ताकद मेगावॉटमध्ये.

आणि सगळ्यात मोठा घोळ म्हणजे पाचट. ऊस तुटून गेला की कराड, वाळवा, पलूस पट्ट्यात लोक फडातलं पाचट पेटवतात, उपग्रहाला ती पण आगच. वीटभट्टीचं पण तसंच. म्हणून ठिपके वनहद्दीच्या नकाशावर टाकून बघायचे. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था हेच करते आणि त्या भागातल्या वनकर्मचाऱ्यांना मेसेज पाठवते. त्यांच्या साइटवर नाव नोंदवलं तर आपल्याला पण मेसेज येतो, फुकटात.

ठिपका नाही म्हणजे आग नाही असंही नसतं बरं का. हे उपग्रह आपल्यावरनं दुपारी दीडच्या आणि रात्री दीडच्या आसपास जातात. कुसळी गवताला चारला काडी लागली आणि सातला डोंगर काळा होऊन विझला, तर नकाशावर काहीच येणार नाही.

आता चढ. माझ्या मते वणवा विझवायला जाणाऱ्या प्रत्येकानं ठिपक्याआधी हे शिकावं. ऑस्ट्रेलियात एक ठोकताळा वापरतात, दर 10 अंश चढाला आगीचा वेग दुप्पट. म्हणजे 20 अंशाच्या उतारावर वर चढणारी आग सपाटीपेक्षा चौपट वेगानं येते, कारण ज्वाळा उताराला टेकतात आणि वरचं गवत पेटायच्या आधीच शेकून कोरडं होतं. त्यात उन्हाळ्यात दुपारनंतर कोकणाकडनं वारा घाट चढून येतो. म्हणून आगीच्या वरच्या बाजूला कधी थांबायचं नाही, ब्लोअर असो की हिरव्या डहाळ्या, जळून गेलेल्या बाजूनं शिरायचं आणि कडेकडेनं विझवत जायचं. दर 30 मीटरला जमिनीची उंची किती याचा डेटा फुकट मिळतो, तो क्यूजीआयएस या मोफत सॉफ्टवेअरमध्ये टाकला की आपल्या डोंगराचा चढाचा नकाशा घरबसल्या तयार होतो. तेव्हा 1926 या वनविभागाच्या हेल्पलाइनला फोन करताना नुसतं 'डोंगराला आग लागलीय' न म्हणता कुठल्या अंगाला, चढाला आहे की उताराला, वारा कुठनं आणि गाडी कुठपर्यंत जाते, एवढं सांगा.

त्याच क्यूजीआयएसमध्ये सेंटिनेल-2 या युरोपच्या उपग्रहांचे फोटो पण बघता येतात, दर पाच दिवसांनी नवा. डोळ्यांना न दिसणाऱ्या इन्फ्रारेड किरणांपैकी हिरवा झाडोरा निअर-इन्फ्रारेड भरपूर परतवतो आणि त्याहून लांब तरंगलांबीचे शॉर्टवेव्ह इन्फ्रारेड कमी, जळालेल्या जमिनीचं नेमकं उलटं, त्यामुळं दोन्हीचा हिशोब घातला की जळका पट्टा वेगळा उठून दिसतो. संध्याकाळी हुकलेले वणवे इथं सापडतात. चार-पाच वर्षांचे असे पट्टे एकावर एक ठेवले की आग दरवर्षी रस्त्याच्या कडेनं चढते का बांधावरनं हे कळतं, आणि जाळपट्टा, म्हणजे आग अडवायला गवत काढून मोकळा ठेवलेला पट्टा, कुठं काढायचा ते गवत वाळायच्या आधी, डिसेंबरातच ठरवता येतं.