घानातील संयुक्त शासनविषयक सार्वमत, १९७८

पश्चिम आफ्रिकेतील घाना या देशात ३० मार्च १९७८ रोजी राज्यव्यवस्थेच्या स्वरूपाविषयी घेण्यात आलेले सार्वमत. राजकीय पक्षांना वगळून लष्कर, पोलीस आणि नागरिक यांनी मिळून कारभार पाहावा, अशी ‘युनिगव्ह’ या नावाने ओळखली जाणारी योजना त्यात मतदारांपुढे ठेवण्यात आली होती.

जनरल इग्नेशियस अचिआम्पाँग यांनी जानेवारी १९७२ मध्ये कोफी बुसिया यांचे निर्वाचित सरकार उलथवून सत्ता घेतली. पुढे महागाई बेसुमार वाढली, जीवनावश्यक वस्तू दुकानांतून नाहीशा झाल्या आणि ‘कलाबुले’ या नावाने कुप्रसिद्ध झालेल्या काळ्या बाजाराने सामान्य माणूस मेटाकुटीस आला. १९७७ मध्ये वकील, डॉक्टर आणि विद्यार्थी नागरी राजवटीच्या मागणीसाठी रस्त्यावर उतरले. पक्षीय राजकारणामुळे जमातींमध्ये दुही माजते, हे अचिआम्पाँग यांचे प्रतिपादन अगदीच निराधार नव्हते. परंतु बंदुका हाती असलेल्यांनाच कारभारात कायमचा वाटा देणारी योजना त्या दुहीवरचा उपाय ठरू शकत नव्हती. माजी राष्ट्रप्रमुख आक्वासी अफ्रिफा, कोमला बेडेमा आणि विल्यम ओफोरी-अट्टा हे एरवी वेगवेगळ्या गटांतले नेते तिच्या विरोधात एकत्र आले.

खरा पेच मतमोजणीवरून उद्भवला. निवडणूक आयुक्त न्यायमूर्ती आयझॅक अबान यांनी मते मतदान केंद्रांवरच मोजण्याचा आग्रह धरला, तो शासनाला मानवला नाही. मतदानाच्या दिवशीच सैनिक त्यांच्या कार्यालयावर चालून आले आणि अबान यांना जीव वाचवण्यासाठी भूमिगत व्हावे लागले. त्यानंतर योजनेला बहुमत मिळाल्याचे जाहीर झाले, पण निम्म्याहून अधिक मतदार मतदानाकडे फिरकलेच नव्हते. विरोधी संघटनांवर बंदी आली, शेकडो लोक स्थानबद्ध झाले. तरीही असंतोष शमला नाही आणि ५ जुलै १९७८ रोजी फ्रेड अकुफो व इतर सहकारी अधिकाऱ्यांनीच अचिआम्पाँग यांना पदच्युत केले.

युनिगव्ह प्रत्यक्षात आलेच नाही. जानेवारी १९७९ मध्ये पक्षांवरील बंदी उठली. जूनमधील उठावानंतर अचिआम्पाँग, अफ्रिफा आणि अकुफो या तिघांनाही गोळ्या घालण्यात आल्या. अबान पुढे १९९५ मध्ये देशाचे सरन्यायाधीश झाले. घानाच्या १९९२ च्या संविधानातील अनुच्छेद ४९ नुसार निवडणूक असो वा सार्वमत, मतदान संपताच उपस्थित प्रतिनिधींसमक्ष त्याच केंद्रावर मते मोजणे बंधनकारक आहे.