अनियमित मिळकत आणि घरखर्चाची तोंडमिळवणी

हातावर पोट असलेल्या कुटुंबापुढे दोन प्रश्न एकदम उभे असतात: मिळकत थोडी, आणि ती कधी येईल याचा भरवसा नाही. रोजंदारीवरचे मजूर, फेरीवाले, हंगामी शेतमजूर, नगावर मजुरी घेणारे कारागीर आणि अलीकडे मोबाइल ॲपवरून काम मिळणारे चालक, सगळ्यांची गत सारखीच. अशी कुटुंबे रोजचा खर्च, आजारपण आणि मोठ्या रकमेची कामे कशी भागवतात, त्या खटाटोपाची ही नोंद.

दारिद्र्य मोजताना ‘दिवसाला सरासरी अमुक’ असे म्हणायची पद्धत आहे. सरासरी मात्र कुणाच्या हातावर पडत नाही. महिन्याची सरासरी मिळकत १०० धरली, तर एका महिन्यात १६० येतात, पुढच्यात ४०. घरभाडे दोन्ही महिन्यांत तेवढेच. अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी १९५७ मध्ये मांडलेल्या सिद्धांतानुसार माणूस आजच्या नव्हे, तर दीर्घकाळात अपेक्षित असलेल्या मिळकतीच्या बेताने खर्च करतो. त्यासाठी १६०च्या महिन्यातले उरलेले कुठेतरी सुरक्षित राहावे लागतात, किंवा ४०च्या महिन्यात कुणीतरी पैसे पुढे करावे लागतात. गरिबाचे अडते ते इथे.

एकदाच घरी जाऊन प्रश्न विचारले तर यातले फारसे हाती लागत नाही. उसनवारी कुणी सहज सांगत नाही, आणि लहान रकमा लक्षातही राहत नाहीत. म्हणून ‘आर्थिक रोजनिशी’ची पद्धत आली: साधारण पंधरवड्याला त्याच घरी जायचे आणि आल्यागेल्या पैशाची नोंद वर्षभर करायची. डॅरिल कॉलिन्स, जोनाथन मॉर्डक, स्टुअर्ट रदरफोर्ड आणि ऑर्लांडा रुथवेन यांनी भारत, बांगलादेश आणि दक्षिण आफ्रिकेतील २५० हून अधिक कुटुंबांच्या रोजनिशींवरचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध केले. बचत आणि देणी धरून चारपेक्षा कमी प्रकारच्या साधनांवर एकाही कुटुंबाचे वर्ष निघाले नव्हते. भारतात एका कुटुंबामागे अशा प्रकारांची सरासरी आठाच्या थोडी वर होती. गरिबाकडे पैसाच नाही, मग व्यवस्थापन कसले, हा समज तेव्हाच मोडीत निघायला हवा होता. अमेरिकेतही २०१२-१३ मध्ये २३५ कुटुंबांची अशी नोंद ठेवली गेली. तिथे वर्षातले सरासरी पाच महिने मिळकत नेहमीपेक्षा २५ टक्क्यांहून अधिक वर किंवा खाली होती.

थोड्याथोड्या पैशांतून मोठी रक्कम उभी करण्याचे तीन मार्ग रदरफोर्ड सांगतात: आधी साठवायचे, आधी उचलून मागून फेडायचे, किंवा भरत राहून मध्येच कधीतरी एकरकमी घ्यायचे. तिन्हींत कुटुंबाला करावे लागते ते एकच, थोडे थोडे देत राहणे. रक्कम शेवटी मिळते, सुरुवातीला की मध्ये, एवढाच फरक.

भिशी हा तिसरा प्रकार. दहा जणांनी दरमहा १० भरायचे, दर महिन्याला एकाने १०० उचलायचे. दहा महिन्यांत फेरी पूर्ण. पहिला उचलणारा खरे तर कर्ज घेतो, शेवटचा बचत करतो, मधल्यांचे थोडे हे आणि थोडे ते. पैसा कुठे पडूनच राहत नाही, त्यामुळे तिजोरी लागत नाही आणि चोरीची भीतीही नसते. मेक्सिकोत तांदा, इंडोनेशियात अरिसान, घानात सुसू अशा नावांनी हीच युक्ती चालते. काही भिशांत लिलाव होतो: ज्याला नड मोठी तो कमी रक्कम पत्करून आधी उचलतो. कच्चा दुवा म्हणजे उचलून झाल्यावर हप्ते बुडवणारा, म्हणून नवख्याला शेवटचा नंबर देणे शहाणपणाचे.

घरात ठेवलेल्या पैशाला पाय फुटतात. म्हणून शेजारणीची पुरचुंडी आपल्या डब्यात आणि आपली नणंदेकडे, असा उलटसुलट व्यवहार दिसतो. दुसऱ्याचा पैसा सांभाळायला जमतो, स्वतःचा नाही, कारण स्वतःच्या पैशाला नवरा, दीर, मुले कुणीही मागू शकते. ‘माझ्याकडे नाहीत’ हे खरे बोलता यावे, याचीच ती सोय. गाठीशी बचत असताना व्याजाने पैसे काढणेही याच जातीचे. बाहेरून हा खुळेपणा वाटतो. पण मोडलेली बचत पुन्हा उभी राहायला वर्षे जातात, आणि कर्ज मात्र व्याजाच्या धाकाने लवकर फिटते, हा अनुभव त्यामागे असतो.

व्याजाचा हिशेबही जपून करावा लागतो. १०० घेऊन आठवड्याने १०५ दिले, तर वार्षिक दर २६० टक्के निघतो आणि सावकार राक्षस ठरतो. घेणाऱ्याच्या लेखी मात्र ते व्याज नसून पाचाचे शुल्क असते. त्याने एका आठवड्याचा खाडा निभावला. तेच कर्ज सहा महिने लांबले तर मात्र तो २६०चा आकडा खरा होऊ लागतो.

नात्यातले आणि शेजारचे हातउसने बहुधा बिनव्याजी असतात. आज मी, उद्या तू. अर्थतज्ज्ञ रॉबर्ट टाउनसेंड यांनी औरेपल्ली, शिरापूर आणि कंझारा या दक्षिण व मध्य भारतातील गावांच्या आकडेवारीवरून १९९४ मध्ये दाखवले, की घराचा खर्च स्वतःच्या मिळकतीपेक्षा गावाच्या सरासरी खर्चाबरोबर अधिक हलतो. मात्र हे संरक्षण पूर्ण नसते. गावभर दुष्काळ पडला तर मागायचे कुणाकडे? तेव्हा बाहेरगावचा माणूस कामी येतो. केनियात २००७ मध्ये मोबाइलवरून पैसे पाठवण्याची एम-पेसा सेवा सुरू झाली. तिच्या अभ्यासात, अडचण कोसळल्यावर सेवा न वापरणाऱ्या घरांचा खर्च सुमारे ७ टक्क्यांनी घटला; वापरणाऱ्यांचा घटला नाही.

गरिबांना लहान कर्जे देणाऱ्या सूक्ष्मवित्त संस्थांचे कर्ज बराच काळ ठरावीक आठवडी हप्त्यांचे राहिले. वसुलीला हे सोपे, पण ज्याची मजुरी आठवड्याला बदलते त्याच्याशी ते जुळत नाही. बांगलादेशच्या ग्रामीण बँकेने या शतकाच्या सुरुवातीला हप्त्यांत सवड आणि कधीही काढता येणारी बचत आणली ती त्यामुळेच. जिथे अशी सवड नसते तिथे हप्त्याच्या दिवशी सकाळी शेजारणीकडून हातउसने येतात, आणि वसुलीच्या तक्त्यात त्या घरापुढे ‘वेळेवर’ असे लिहिले जाते.